पहिल्या आठवड्यानंतर
(प्रस्तावना)

कोल्हापुरात कुणाचा अपघात झाला, कुणाला रात्रीत सीपीआर रुग्णालयात हलवलं, तर पेशंटच्या आधी माणसं दवाखान्यात पोचतात. गल्लीतली पोरं रक्त द्यायला उभी राहतात, तालमीतलं कुणीतरी डॉक्टरांना गाठतं, घरी भाकरी-आमटीचे डबे सुरू होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी कुठल्या कुठं मागं टाकली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा या शहरानं कुणाच्या सांगण्याची वाट न बघता चुली पेटवल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. संकटाला धावून जाणं इथल्या माणसाच्या अंगातच आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

मधुमेह असा येत नाही. तो कुठल्यातरी साध्या दिवशी, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या रक्ताच्या तपासणीत ‘निघतो’. पहिले काही दिवस फोन येतात. कुणी कारल्याचा रस सुचवतं, कुणी जांभळाच्या बियांची पूड, कुणी आपल्या पाहुण्यातल्या कुणाचा पाय कसा कापावा लागला ते सांगतं. आठवडा सरतो आणि चौकशी थांबते. आजार तिथून पुढं वीस-तीस वर्षं चालतो. रोज गोळी, रोज जेवणाचा विचार, दर काही महिन्यांनी रिपोर्ट आणि त्या रिपोर्टाची धाकधूक. या काळात डबा घेऊन कुणी येत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला काही घडतच नसतं. हे पुस्तक त्या पहिल्या आठवड्यानंतरच्या वर्षांविषयी आहे.

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद हातात घेऊन माणूस बाहेर येतो आणि मग ज्या टेबलाशी थांबतो, त्या टेबलाशी मी बसत असे. आधी तो सरकारी उपचार योजनेचं विचारायचा, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाचं विचारायचा. ते झालं की उठायचा नाही. घुटमळायचा. मग जे बाहेर यायचं ते कुठल्या फॉर्मात भरण्यासारखं नसायचं. या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी तयार झाले, ती त्या घुटमळणाऱ्या माणसांसाठी.

मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, थायरॉइड, संधिवात, अपस्मार, किडनीचे जुनाट विकार ही नावं आता कुठल्याही घरात अनोळखी नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेली माणसं १० कोटींच्या वर आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी असलेली १३ कोटींच्या वर. उच्च रक्तदाब साधारण तीन प्रौढांमागे एकाला आहे. म्हणजे ही कुणा एकावर आलेली आपत्ती नव्हे, आपल्या शेजारपाजाऱ्यांची रोजची स्थिती आहे. तरीही ज्याच्या त्याच्या घरात ती एकट्यानं सोसली जाते.

यातल्या मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा पहिला घोटाळा असा की ते दुखत नाहीत. “शुगर हाय म्हणत्यात, पर मला तर काय बी हुत न्हाई,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर चिडणं मी फार लवकर सोडून दिलं. माणूस खोटं बोलत नसतो. रक्तदाब १६०-१०० असताना बहुतेकदा खरोखरच काही जाणवत नाही. शिरा, हृदय, मूत्रपिंड मात्र रोज तो दाब झेलत असतात. दुसरं वाक्य तितकंच नेहमीचं: “एकदा गोळी सुरू झाली की सुटत न्हाई, म्हणून घेतली न्हाई.” यातलं अर्धं बरोबर आहे. गोळी बहुतेकांना कायमची घ्यावी लागते, पण ते गोळीमुळं नव्हे. आजार कायमचा आहे म्हणून. गोळीची सवय लागत नाही. गोळी टाळल्यानं आजार टळत नाही, फक्त त्याचा हिशेब पुढं ढकलला जातो. तीन महिन्यांची साखर म्हणून जी तपासणी सगळे ओळखतात, ती नेमकं हेच उघडं पाडते. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात त्यांना किती साखर चिकटली हे ती मोजते. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड बंद करून तिला फसवता येत नाही. ती ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह, ५.७ ते ६.४ असेल तर उंबरठा.

आणि गूळ. कोल्हापूरचा गूळ आपल्या जिवाभावाचा, २०१४ पासून त्याला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून ‘साखर नको, गूळ चालतो’ ही समजूत आपल्याकडं जरा जास्तच घट्ट आहे. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात हे खरं; पण त्याचा मोठा भाग साखरच असतो आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. हे सांगताना माझाही जीव थोडा तुटतो. ज्या माणसानं जन्मभर गुऱ्हाळ चालवलं त्याला गूळ खाऊ नका म्हणायचं, म्हणजे त्याच्या ताटातला नुसता पदार्थ काढून घेणं नसतं.

एका माणसाबद्दल जरा सविस्तर सांगते. करवीर तालुक्यातले ऊस उत्पादक, साठीच्या आसपासचे. त्यांना सगळे आण्णा म्हणत. मधुमेह बारा-पंधरा वर्षांचा. पायाला आधी मुंग्या यायच्या, मग त्या यायच्या बंद झाल्या. आण्णांना वाटलं, बरं वाटायला लागलं. प्रत्यक्षात पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या. नवं कोल्हापुरी पायताण सुरुवातीला चावतं हे आपल्याकडं पोराटोरालाही माहीत; चावलं की माणूस ते काढून ठेवतो, तेल लावतो, हळूहळू मुरवतो. आण्णांना ते चावलेलं कळलंच नाही. सुनेनं सोप्यात फरशीवर रक्ताचे ठिपके बघितले आणि ते कुठून आले म्हणून शोधत ती त्यांच्या पायापर्यंत पोचली. अंगठ्याच्या बाजूला जखम होती आणि ती बरीच जुनी होती. आण्णांनी नंतर कबूल केलं की फडकं बांधताना त्यांनी ती पाहिली होती. पण कारखान्याची तोड आली होती, टोळी फडात उतरली होती, आणि पाठोपाठ पुतणीचं लग्न होतं.

अंगठा काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. खर्चाचं विचारलं. योजनेत बसतंय म्हटल्यावर मान हलवली आणि उठले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले, “बोटाचं काय न्हाई वो ताई. पर उद्या बांधावर उभं ऱ्हायला आलं न्हाई तर घरात मला इचारणार कोण?”

त्यांना माझ्या उत्तराचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ड्रेसिंगच्या रांगेतल्या एका गडहिंग्लजच्या माणसाचा. त्याची दोन बोटं आधीच गेली होती. त्यानं सगळ्यांसमोर बूट काढला, आत कापूस कसा भरायचा ते दाखवलं, रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवा कसा बघायचा ते दाखवलं, आणि पौर्णिमेला जोतिबाला आता अनवाणी जात नाही, पण जातो, असं सांगितलं. “देव काय पायातलं बघत न्हाई,” हे त्याचं म्हणणं. आण्णांनी त्याला दहा प्रश्न विचारले. त्यातला एकही त्यांनी डॉक्टरांना विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते शस्त्रक्रियेला तयार झाले.

या दोन माणसांमध्ये जे घडलं तेच मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे. माहिती आण्णांना आधीही मिळाली होती. पायाची काळजी घ्या हे त्यांच्या केसपेपरवर छापलेलं होतं. त्यांना हवा होता त्याच वाटेनं थोडा पुढं गेलेला माणूस, ज्याला लाज वाटत नव्हती. दीर्घकालीन आजारात मनाचा आधार ही औषधानंतर, जमलं तर द्यायची गोष्ट नाही. तो नसेल तर औषध घेतलं जात नाही, जखम दाखवली जात नाही, तारीख पाळली जात नाही. आधार हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो मागावा लागतो.

मागणं आपल्याकडं अवघड आहे. हे कुस्तीच्या खासबाग मैदानाचं गाव आहे, ताकदीवर प्रेम करणारं. पुरुषानं ‘मला झेपत नाही’ म्हणायचं नाही, हे इथं कुणी शिकवावं लागत नाही. बाईची गोष्ट आणखी वेगळी. ती सगळ्यांचं झाल्यावर जेवते, म्हणून तिच्या गोळीची वेळ रोज सरकते. महिन्याच्या शेवटी पाकीट पुरावं म्हणून ती रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेते आणि हे कुणाला सांगत नाही. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास धरते आणि साखरेची गोळी मात्र नेहमीसारखी घेते. मग दुपारी हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. रमजानच्या रोज्यांतही हाच धोका असतो. उपवास करायचाच असेल तर गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा आधी डॉक्टरांशी बोलून ठरवता येतात. पण त्यासाठी ‘मला मधुमेह आहे आणि मला उपवास सोडवत नाही’ ही दोन्ही वाक्यं एका दमात कुणापुढं तरी बोलता यायला हवीत.

जगभरच्या डॉक्टरांना या ओझ्याची नोंद घ्यायला बराच वेळ लागला. १९९५ मध्ये विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहामुळं होणारा मानसिक त्रास मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. सतत खाण्याचा विचार करून थकवा येतो का, पुढं काय होईल याची भीती वाटते का, आजारात आपण एकटे आहोत असं वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न त्यात आहेत. हा त्रास म्हणजे नैराश्य नव्हे. रोजचा हिशेब ठेवून ठेवून आलेला शीण आहे. नैराश्यही असतंच. मधुमेह असलेल्यांमध्ये त्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळलेलं आहे. दोन्हींतला फरक ओळखणं गरजेचं असतं. शीण बोलण्यानं, कामं वाटून घेतल्यानं, उपचार थोडा सुटसुटीत केल्यानं उतरतो. नैराश्यात झोप, भूक, कामातला रस दोन-दोन आठवडे हरवतो, जगून काय करायचं असे विचार येतात, आणि तिथं मानसोपचारतज्ज्ञच लागतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, मोफत बोलता येतं. हा क्रमांक पाठ करून ठेवावा.

समदुःखी माणसांनी एकत्र बसण्याची कल्पना काही नवी नाही. १९०५ मध्ये बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरनं क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलवायला सुरुवात केली. सॅनेटोरियमचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता आणि क्षयावर त्या काळी औषधही नव्हतं. रुग्ण आपापल्या वह्या घेऊन यायचे, कुणाचं वजन वाढलं ते सगळ्यांना कळायचं. प्रॅट यांना हवी होती शिस्त. त्या खोलीत शिस्तीबरोबर सोबतही तयार झाली. आज समूहोपचाराचा इतिहास लिहिणारे बहुधा याच वर्गापासून सुरुवात करतात.

बोस्टनचं उदाहरण पटायला लांब वाटेल, पण कोल्हापूरचं स्वतःचं उदाहरण याहून ठसठशीत आहे. नसीमा हुरजूक शाळा-कॉलेजच्या वयात होत्या तेव्हा त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. मज्जारज्जू निकामी झाला की फक्त चालणं जात नाही. लघवी-शौचावरचा ताबा जातो, बसल्या जागी व्रण होतात, संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. हा आजन्म सांभाळायचा आजार आहे. त्या काळात त्यांना सावरलं ते स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाण यांनी. बाबूकाका कामधंदा करणारे, हिंडणारे-फिरणारे गृहस्थ होते. त्यांच्याकडं बघून, आपलंही आयुष्य असं होऊ शकतं, हे त्या तरुण मुलीला डोळ्यांनी दिसलं. पुढं नसीमादीदींनी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली. वसतिगृह, शाळा, रोजगार असं तिचं काम वाढत गेलं. त्यांचं आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ मी अनेक पेशंटना वाचायला दिलं आहे. बत्तीस शिराळ्याच्या सोनाली नवांगुळ लहानपणीच्या अपघातानंतर पुढं याच संस्थेत आल्या, काम केलं, मग कोल्हापुरात स्वतंत्र राहून लिहू लागल्या. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाबूकाका, नसीमादीदी, सोनाली. आधार एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं कसा जातो हे आपल्या गावात बघायला मिळतं. या तिघांमध्ये कुणी कुणाची कीव केली नाही, हे मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

पुण्यात अशा गटांनी आणखी मूळ धरलं आहे. यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या अपस्माराच्या अनुभवातून ‘संवेदना’ हा गट सुरू केला. डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी ‘श्वेता’ संस्था काढली; त्यांनाही कोड आहे. कंपवाताच्या रुग्णांचं पार्किन्सन्स मित्रमंडळ तिथं नियमित भेटतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेनं १९९० पासून मनाच्या आरोग्याचं काम मराठीतून, साध्या माणसाला कळेल असं केलं.

अपस्माराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथं आजारापेक्षा लपवणं जास्त छळतं. फिट आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा पायताण लावणं आजही चालतं. त्याचा काही उपयोग नाही. त्याला कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यावं, तोंडात काहीही घालू नये, वेळ बघावी. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर दवाखाना गाठावा. एवढं शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला यायला हवं. लग्नाच्या बाबतीत तर १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच अपस्माराचे वारंवार झटके ही लग्नाआड येणारी बाब म्हणून लिहिलेली होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ते शब्द काढले गेले. कायद्यातून गेले, बैठकीतून गेले नाहीत. मुलीच्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या म्हणून सांगितल्या जातात, सासरी त्या लपवून घेता येत नाहीत म्हणून बंद होतात, आणि महिन्याभरात फिट येते. अशा मुलींना घेऊन येणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. गोळ्या नियमित घेतल्यावर बहुतेकांचे झटके आटोक्यात राहतात, हे सोयरिकीच्या बोलण्यात उघडपणे मांडायला धीर लागतो; आणि तो धीर अशी लग्नं सुखानं टिकलेली घरं बघूनच येतो.

या पुस्तकातलं सांभाळणाऱ्यांवरचं प्रकरण कुणी वगळू नये. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा नेणारा मुलगा, सासऱ्यांची साखर टोचून बघणारी सून, दम्याच्या मुलासाठी रात्री उठणारी आई यांच्या थकव्याची चौकशी कुणीच करत नाही. गगनबावड्याहून, चंदगडहून, सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीहून पेशंटला घेऊन येणाऱ्याचा सगळा दिवस जातो, मजुरी बुडते. सोबत आलेल्याला ‘तुम्ही जेवलात का, झोपता का’ एवढं विचारलं तरी डोळे भरून आलेले मी बघितले आहेत.

गटांच्या मर्यादाही आहेत. एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडते असं नाही. कुणाच्या तरी चुलत्याला पाल्यानं बरं वाटलं म्हणून इन्सुलिन बंद करून बेशुद्ध अवस्थेत आलेली मुलं मला आठवतात. लहानपणी होणाऱ्या मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवतच नाही. तिथं इन्सुलिन थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून चांगल्या गटाचा नियम एकच असावा: अनुभव सांगायचा, डोस सांगायचा नाही. कुणी औषध विकायला आलं तर त्याला त्या बैठकीत जागा नसावी.

असा गट काढायला संस्था लागत नाही. बचत गट महिन्याला भेटतोच, भजनी मंडळ आठवड्याला बसतं, तालमीला जागा असते, आशाताई घराघरांतली दुखणी ओळखून असते. चार माणसं पुरतात. पहिल्या भेटीत कुणी बोललं नाही तरी चालतं. दुसऱ्या भेटीत कुणीतरी आपल्या गोळ्यांची पिशवी उघडतं आणि विचारतं, तुम्ही ही जेवणाआधी घेता की नंतर? बोलणं तिथून सुरू होतं. पूररेषेतल्या गावांनी अशा भेटीत पावसाळ्याआधी एक काम करावं: कुणाला कुठली औषधं, कोण डायलिसिसवर आहे, कुणाकडं इन्सुलिन आहे याची यादी करून ठेवावी आणि महिन्याभराच्या गोळ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत भराव्यात. वापरातलं इन्सुलिन उन्हापासून दूर, फार उकाडा नसेल तर साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर राहतं, हे माहीत असलं तर वीज गेल्यावर ते फेकून दिलं जात नाही.

पुढची प्रकरणं आजारानुसार लावली आहेत, पण ती ओळीनं वाचायची गरज नाही. आपला आजार आधी वाचावा, मग घरातल्या दुसऱ्याचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोरी जागा ठेवली आहे, पुढच्या तारखेला डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहायला. तिथं गोळ्यांच्या प्रश्नांखाली झोपेचा, भीतीचा, चिडचिडीचाही प्रश्न लिहा आणि कागद डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडानं बोलायला जड जात असेल तर लिहिलेलं वाचून घ्या म्हणावं. ज्यांच्या घरात सध्या असा कुठला आजार नाही त्यांनी सांभाळणाऱ्यांचं प्रकरण आधी वाचावं आणि गल्लीतल्या ज्या घरी वर्षभरापूर्वी चौकशीला जाऊन आलो होतो, त्या घरी या आठवड्यात पुन्हा एकदा जाऊन यावं.

कोल्हापूर